पार्वतम्माची सोबत

मुरुम,
११ डिसेंबर १९६१

प्रिय शांतलिंग,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझा प्रबंध रजिस्टर पोस्टानं पोचला. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि आत तुझ्या हातचं 'अक्कास, जिच्यामुळे हे काम झालं.' शाळेतल्या मास्तरांनी बघायला मागितला. मी दिला नाही. अभिमान वाटेल असं तुला वाटलं असणार. मला तो चुलीत घालावासा वाटला, पण आधी वाचला.

संक्रांतीनंतर तू आलास तेव्हा जिवाचं बरंवाईट करायला निघालेल्या आणि वाचलेल्या सात बायका तुला हव्या होत्या. अशा घरी आधी पोलीस येऊन गेलेले असतात, त्यामुळं अनोळखी माणसाला त्या दार उघडत नाहीत. म्हणून तुझी मास्तरीण बहीण सातही दारांत तुझ्यापुढं चालली. हा माझ्या पाठचा भाऊ, याच्यापाशी मन मोकळं करा, असं मी सांगत फिरले. आई गेल्यावर तुला मीच वाढवलं ना, मिरवायची हौस होती मला. तुझ्या सदऱ्यांना रोज इस्त्रीसुद्धा करत होते, वेडी.

सोबत म्हणजे काय हे तुला पुण्यात कुणी शिकवलं नसेल, पण या गल्लीत तू वाढलास. अशा बाईपाशी शेजारीण बसते. विचारायचं काही नाही. लसूण सोलायचा, डाळ निवडायची, ती परसात गेली तर मागं जायचं. आणि कुणा मोठ्या माणसानं आता उठा म्हटल्याशिवाय उठायचं नाही. त्या सातांतल्या पार्वतम्मापाशी समोरच्या सकिनाबी चार महिने बसल्या होत्या. पार्वतम्मा तेव्हा परत भाकऱ्या थापायला लागली होती.

तू म्हणालास, एकांतात माणूस खरं बोलतं, यांना बाहेर काढ. मी काढलं. भाभी, उठा, साहेबांचं काम आहे, असं म्हणून मीच त्यांचा हात धरला. दोन तास आम्ही ओट्यावर बसलो. मग तू बाहेर आलास, चहा प्यालास, शेंगाचटणीची तारीफ केलीस आणि दुपारच्या मोटारीनं उमरग्याला गेलास. सकिनाबी उठल्या त्या आपल्या घरी गेल्या, परत बसायला आल्या नाहीत. नवव्या दिवशी पार्वतम्मा गेली.

मी सकिनाबींना विचारलं, तशा त्या रडत म्हणाल्या, "पुन्याच्या सायबानं उठीवलं न्हवं मला? म्या म्हन्लं, तपासून सोडलं सरकारनं. बरी झाली आसंल बाई." त्यांचं काय चुकलं? वहीपेनवाला साहेब घरात येतो, दार लावून तपासतो, त्याच्या नावानं मास्तरीणबाई उठा म्हणते. मी तुला हे सगळं कळवलं. तुझं उत्तर आलं, फार वाईट झालं, आणि चौथ्या बाईचं वय नोंदवायचं राहिलंय, तेवढं विचारून पाठव. ते कार्ड मी अजून ठेवलंय. वय मी पाठवलं, याची मला अजून लाज वाटते.

आता तुझं पान एकशे बारा. 'सातपैकी तिघींनी पुन्हा तसेच करण्याचा विचार बोलून दाखवला. पैकी एकीचा नंतर मृत्यू झाला.' म्हणजे पार्वतम्मा तुझ्याशी बोलली होती! चार महिने मिटलेलं तोंड तिनं अक्काच्या भावापुढं उघडलं, आणि तू ते लिहून घेतलंस, पेनाला टोपण लावलंस आणि चहा प्यालास. खाली टीप आहे, गुप्ततेचं वचन दिल्यामुळं नावं दिलेली नाहीत. कुणाच्या भल्याचं होतं रे ते वचन? तिनं काय सांगितलं ते तू पोटातच ठेवलं असतंस तरी चाललं असतं. नुसतं एवढं म्हणायचंस, अक्का, सकिनाबींना आत पाठव. तुझा अभ्यास थोडा बिघडला असता, एवढंच. तुझ्यावर माझा इतका राग आहे की तुझ्या वाटणीची हुरडा-शेंगांची पिशवी मी यंदा बांधणार नाही.

पण शिव्या द्यायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. तिघी होत्या, एक गेली. दोघी अजून आहेत, आणि त्या कोण ते गावात कुणाला ठाऊक नाही, फक्त तुझ्या वहीला आहे. मी स्वतः विचारायला गेले, पण तुला घेऊन आलेली बाई म्हणून सहाही जणी माझ्यासमोर गप्प बसतात. प्रबंध वाचला त्या दिवसापासून सहाही घरी मी पुन्हा सोबत बसवली आहे. पार्वतम्माच्या रिकाम्या घरावरून जाऊन सकिनाबी रोज एकीकडं बसतात, शाळा सुटल्यावर मी दुसरीकडं. पण तुरीची कापणी तोंडावर आली. बायका विचारतात, बाई, आजून किती दिस? सहा घरं मला आता चार-पाच दिवसांपलीकडं धरवणार नाहीत. दोन धरवतील, वर्षभर धरवतील. तेव्हा तुझं वचन मोड. पत्र नको, क्षमा तर नकोच. तार कर, आणि तारेत फक्त दोन नावं घाल. खाली 'तुझीच' लिहायची जागा मी रिकामी ठेवली आहे. नावं आली की भरीन.

अक्का