हिरवळीत पुरलेली बाटली

१८ एप्रिल
लिंडेन हॉलचं नशीब आजपासून उघडणार. घर माझं आणि लर्लीनताईचं, निम्मं-निम्मं. आता ते लग्नांसाठी भाड्याने द्यायचं ठरलंय. ताई म्हणते, हे पहिलं लग्न नीट पार पडलं तर ठीक, नाहीतर घर विकायचं. विकायचं! मी जन्मलो ते घर! मी म्हटलं, पणजोबांनी स्वतःच्या हातांनी बांधलंय. तर म्हणे, पणजोबांनी जन्मात हातोडा धरला नाही, बांधलं त्यांच्या गुलामांनी, पाहुण्यांना तेही सांग. सकाळी सकाळी मूड घालवते.

नवरीमुलगी टॅन्सी येऊन गेली. आमच्याकडची जुनी रीत आहे: लग्नाआधी महिनाभर बर्बन व्हिस्कीची भरलेली बाटली मांडवाच्या जागी उलटी पुरायची, म्हणजे लग्नात पाऊस पडत नाही. लग्नादिवशी उकरून सगळ्यांनी प्यायची. राखण माझ्याकडे. अशा कामाला जबाबदार माणूस लागतो.

२४ एप्रिल
बाटली शाबूत आहे ना, उकरून पाहिली. आहे. पण आतला माल? खराब निघाला तर घराण्याचं नाक कापलं जाईल. घोटभर चाखली. उत्तम. सील मेणाने परत लावलं.

२ मे
छत गळतंय. ताई ओरडली. वैताग नुसता! बाटली पुन्हा तपासली. आता हात लावणार नाही म्हणजे नाही.

९ मे
तपासली. बरीच कमी दिसते. मिसिसिपीचा उकाडा, उडून गेली असणार. वरून बिनदुधाचा गार गोड चहा ओतला. रंग तोच. डोकं असावं तर असं.

१८ मे, दुपारी
आभाळ निरभ्र! रीत चहावरही चालते. ताईला म्हटलं, वर बघ. ती म्हणाली, तू खाली बघ, बुटांना केवढी माती.

१८ मे, संध्याकाळी
बाटली निघाली. टाळ्या. नवऱ्यामुलाने घोट घेतला आणि थुंकला. म्हणाला, हा तर चहा! टॅन्सी रडायला लागली. तिची बॅप्टिस्ट आजी दारूला शिवत नाही, तिने मात्र दुसरा ग्लास मागितला. एक तरी पाहुणा खूश! टॅन्सीच्या आईने विचारलं, राखणीला कोण होतं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई घराकडे बघत होती.

२१ मे
पाऊस. ताई अंगणात रोवायला पाटी घेऊन आली. 'घर विकणे आहे.' मी म्हटलं, आज खणायला माणूस नाही. ती म्हणाली, खणायचं कशाला, भाऊराया? खड्डा तू केव्हाचा करून ठेवलायस.

पाटी सरळ धरायला कुणीतरी जबाबदार लागतं. धरली.