काळोखरावाचा दर्जा आणि माझी इतर मालमत्ता

मी, अभिमन हिलाल बैसाणे, वय ४६ वर्षे, शिक्षण बी. ए., धंदा सरकारी नोकरी (महसूल खात्यात कारकून), मूळ राहणार सोनगीर, हल्ली मुक्काम देवपूर, धुळे, आज सोमवार, दिनांक १९ फेब्रुवारी १९९६ रोजी सकाळचा चहा घेऊन, कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्या पत्नीचे याबाबत वेगळे मत असून ते कलम ६ मध्ये जसेच्या तसे दिले आहे.

येत्या गुरुवारी नाशिकला माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले, म्हणून लिहायला बसलो. दिनांक १२ रोजी केलेला कच्चा मसुदा रद्द समजावा. तो का बदलावा लागला, हेही कलम ६ मध्येच आहे.

१. देवपुरातले दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते पत्नी पुष्पा हिला पूर्ण मालकीने देतो. आमची पश्चिमेची भिंत आपल्या हद्दीत दीड फूट आली आहे, अशी शेजाऱ्यांची तक्रार असते आणि मी ती नेहमी हसून उडवून लावतो. प्रत्यक्षात मी गेल्या वर्षी ते गावाला गेलेले असताना टेप लावून पाहिली. नऊ इंच आली आहे. हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. पुष्पाने तिच्या सवडीने सांगावे, किंवा त्यांचा स्वभाव पाहता सांगू नये.

२. पोस्टातले आणि फंडातले जे असेल ते पुष्पा आणि मुलगी संघमित्रा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यात भांडण होण्याइतके काही नाही.

३. सायकल, शाईचे पेन व कपाटातली शब्दकोशाची दोन पुस्तके संघमित्रेला. बांबूची बारा पायऱ्यांची शिडी माझा मेहुणा जीवराम याला. ती १९८७ पासून त्याच्याकडेच आहे. दिवाळीला तीन दिवसांसाठी नेली होती. आता ती कायदेशीर त्याची झाली, एवढे समाधान त्याने मानावे.

४. रोजनिशीच्या पंचवीस वह्या संघमित्रेला, तिचे वय तीस पूर्ण झाल्यावर. १९७८ ची वही पुष्पाने वाचू नये. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी स्वयंपाकाबद्दल काही विधाने मी घाईने केली आहेत. ती आज मला मान्य नाहीत. तेव्हाही पूर्ण मान्य होती असे नाही.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. भाषण एकच, दहा मिनिटांचे. कचेरीतल्या कोणी "मनमिळाऊ" हा शब्द वापरू नये.

६. काळोखरावाची नोंदवही.

मसुदा वाचून पुष्पा म्हणाली होती, "घराला एक परिच्छेद आणि त्या टीव्हीतल्या राक्षसाला चार पानं? तुमची गाठ पोटात आहे की डोक्यात?" तिचे मत वर कबूल केल्याप्रमाणे नोंदवले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. १९९२ साली रुपचंद नारखेडे यांनी धुळ्यात आपल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानामागे दोन टीव्ही मांडून व्हिडिओ गेम सुरू केले. मी रेडिओ न्यायला गेलो आणि आत जाऊन बसलो. त्यातल्या एका कॅसेटचा खेळ आम्ही "सात बुरुज" म्हणत असू. खरे नाव ठाऊक नाही, कारण पडद्यावरची सगळी अक्षरे जपानी होती. सात बुरुजांवर सात सरदार, वर एक राजा, आणि या सगळ्यांत एक शिंगांच्या शिरस्त्राणाचा, घोरपडीवर बसून येणारा, हरल्यावर पाठ न दाखवता मागे सरकत जाणारा दुष्ट. त्याला आम्ही काळोखराव म्हणू लागलो. तो कोण, कुठला, दुष्ट का झाला आणि दरबारात त्याचा दर्जा कितवा, हे वाचता येत नसल्यामुळे पाहून ठरवणे भाग होते.

म्हणून मंडळ झाले. मी, समोरच्या दुकानातले शिंपी भिकन वाघ, रुपचंद, आणि जळगावकडे असोद्याला रुपचंदांच्या वहिनी रुक्माबाई नारखेडे. शाळेत शिक्षिका, सगळ्यांच्या अक्का. त्याच खेळाची दुसरी कॅसेट त्यांच्या घरी होती. वही मी घातली आणि तिला माझ्या खात्याची शिस्त लावली. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे. धुळ्याच्या कॅसेटवर एकाने आणि जळगावकडच्या कॅसेटवर एकाने पाहून दुजोरा दिल्याशिवाय नोंद पक्की नाही. नवी नोंद झाली की रुपचंदांच्या दुकानात नोटीस लावायची, तिची नक्कल असोद्याला पाठवायची, आणि पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर खाली "प्रमाणित" लिहून सही. वही एसटीच्या कंडक्टरच्या हाती धुळ्याहून जळगावला जाई-येई. अडीच वर्षांत २१२ पाने भरली. काळोखरावाचे बालपण, त्याच्या घोरपडीचा आहार, डाव्या हातावरचा व्रण, सगळे चित्रांवरून.

जुलै १९९४ मध्ये भिकनने शिरस्त्राणावरचे तारे मोजले. पाच. सरदारांचे तारे लावून पाहता काळोखराव तिसरा ठरत होता. रुपचंदांनी असोद्याला खेळून पाहून दुजोरा दिला. दिनांक ३० जुलैला मी नोंद घेतली, "काळोखराव, तिसरा सरदार", आणि नोटीस लावली.

अक्कांची हरकत माझ्या हाती १६ ऑगस्टला, मंगळवारी सकाळी आली. त्यांनी लिहिले होते की सुट्टीत एका दिवशी साडेचार तास वीज गेली नाही, आणि त्या सातव्या बुरुजापर्यंत पोहोचल्या. हा खेळ मधे थांबवून ठेवता येत नसे. वीज गेली की पुन्हा पहिल्या बुरुजापासून. आमच्यातले कोणीही तिथवर कधी गेले नव्हते. त्यांनी पाहिले ते असे. राजा हरतो, काळोखराव येतो, आणि राजा सिंहासनावरून उठून बाजूला उभा राहतो. तेव्हा काळोखराव सरदार नाही. तो राजाच्या वरचा आहे.

मी अर्जावर लाल शाईने लिहिले, "मुदतबाह्य. फेटाळला."

आता कबुली. पंधरावा दिवस १४ ऑगस्ट, रविवार. १५ ऑगस्ट सुट्टी. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर कामकाजाचा पुढचा दिवस मुदतीत धरायचा, हे मी नोकरीत शेकडो वेळा इतरांना समजावले आहे. हरकत मुदतीतच होती. त्या क्षणी मला हे सुचले नाही, असे मी दीड वर्ष स्वतःला सांगत आलो. परवा त्या दिवसाची रोजनिशी काढली. लिहिले आहे, "दोन दिवसांच्या सुट्टीनंतर कचेरी उघडली." म्हणजे ठाऊक होते. भिकन माझा मित्र, हे एक कारण. दुसरे अधिक लाजिरवाणे आहे. ते पान फार देखणे उतरले होते. त्यावर रेघ मारायला हात धजेना.

अक्कांनी मंडळ सोडले. कॅसेट दोंडाईच्याच्या बाजारात दुसऱ्या खेळाशी बदलून टाकली. रुपचंदांची कॅसेट त्याच डिसेंबरात कायमची बंद पडली. म्हणजे त्यांनी पाहिले ते पुन्हा कोणालाही पाहता येणार नाही, आणि वहीत मात्र माझ्या सहीने काळोखराव तिसरा. मी गुरुवारी टेबलावरून उठलो नाही तर तो कायमचा तिसरा. अक्का कायमच्या खोट्या.

म्हणून १२ तारखेच्या मसुद्यात मी ही वही अक्कांना देऊन टाकली होती, मागाहून त्यांना हवी ती दुरुस्ती करण्याच्या पूर्ण अधिकारासह. संमती घ्यायला शनिवारी असोद्याला गेलो. अक्का ओट्यावर उत्तरपत्रिका तपासत होत्या. त्यांनी मसुदाही त्याच पेनाने तपासला.

"मेलेल्या माणसाच्या हातची नोंद मले कायले?" त्या म्हणाल्या. "आणि वही मंडळाची. ती देणारा तू कोण?"

मी म्हणालो, "अक्का, चूक माझी होती. आत्ता इथेच दुरुस्त करतो."

"दया नको दाखवू. हरकत मुदतीत होती ना? मग सुनावणी घे. भिकनले बोलाव. मी हरली तर हरली."

हे माझ्या लक्षात यायला हवे होते. हरकत मुदतीत असणे म्हणजे ती खरी असणे नव्हे.

काल, रविवार दिनांक १८ रोजी, रुपचंदांच्या दुकानात सुनावणी झाली. भिकनने आपल्या अहिराणीत उलटतपासणी घेतली.

"अक्का, त्या दिनले तुम्ही चष्मा लायेल व्हता का?"

"लावला होता. तू शिवलेला परकर उसवला होता तेबी त्याच चष्म्यानं दिसलं."

"राजा उठना म्हंजे काय? पाय दुखना आसतीन त्याना."

अक्कांनी मग स्टुलावर बसून दाखवले. राजा कसा बसला होता, काळोखराव दारात आल्यावर कसा आधी हात टेकून, मग मान खाली घालून उठला, आणि बाजूला होताना पाठ न दाखवता मागे सरकत गेला. पंचावन्न वर्षांच्या बाई, हातात पिशवी, पण आम्हाला राजा दिसला.

मी म्हणालो, "अक्का, मला पटले. पण नियमाला दुजोरा लागतो, आणि तोही धुळ्याचा. पाहिले तुम्ही एकट्यांनी." हे बोलताना मला स्वतःचा राग आला. तरी बोललो. नियम एकदा मित्रासाठी वाकवला, तो आता पश्चात्तापासाठी वाकवला तर काय फरक राहिला?

भिकन बराच वेळ गळ्यातल्या टेपशी चाळा करत होता. मग म्हणाला, "सुरुवातले राजानं चित्र येस ना? त्याना झगा ढिला शे. खांदा उतरेल, बाह्या बोटंवर येल. माले वाटे, चित्र काढनाराले मापच समजत नही."

"मग?" मी विचारले.

"मंग काय! काळोखरावना खांदा रुंद शेत. तो झगा त्यानाच मापना शे. मोठा भाऊना कपडा धाकलानी घालेल शे. मन्हा घरमा मी बठ्ठा जन्म तेच घालं, माले समजाले नको?" आणि अक्कांकडे न पाहता म्हणाला, "लिखा. धुळानी साक्ष शे."

रुपचंदांनीही तो ढगळ झगा पाहिल्याचे सांगितले. मीही रोज पाहिला होता. आम्हा तिघांपैकी मापाने पाहिले एकट्या शिंप्याने.

मी त्या देखण्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले, "काळोखराव, सरदार नव्हे. राजाचा थोरला भाऊ. दर्जा पहिला. हरकत मंजूर." तारीख, सही. अक्कांनी वाचले, एक काना राहिला होता तो दाखवला, आणि पिशवी उचलली.

तेवढ्यात भिकन म्हणाला, "पन मंग मांगला बठ्ठा पानं?"

खरे आहे. मागच्या सगळ्या पानांवर तिसरा सरदार धरून लिहिलेले बालपण, दरबारातला अपमान, घोरपड बक्षीस मिळाल्याची हकिकत, सगळे चुकले. थोरल्या भावाची गादी धाकट्याने घेतली, तर १४० पाने नव्याने लिहावी लागतील. भिकनचे अक्षर कोणाला लागत नाही. रुपचंदांना लिहायचा कंटाळा. मी वही अक्कांपुढे धरली. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली.

"मी तपासीन. लिहिणं तुझं. नाशिकहून आला की बस."

सबब मसुद्यातले वहीचे कलम वगळले आहे.

७. भिकन व रुपचंद या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्यामुळे त्यांना यातून काहीही मिळत नाही. काल हे ऐकल्यावर भिकनने सहीला होकार द्यायला पाऊण तास लावला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुष्पाने करावी.

येणेप्रमाणे माझे घर, चीजवस्तू, वह्या आणि शिडी यांची वाटणी झाली. फक्त काळोखरावाची १४० पाने लिहिण्याचे काम मी कोणालाही दिलेले नाही. ते माझ्याकडे ठेवले आहे.

लिहून ठेवणार : अभिमन हिलाल बैसाणे (सही)

आम्हा दोघांसमोर त्यांनी वाचून, समजून सही केली :
१. भिकन वना वाघ, शिंपी, धुळे (सही)
२. रुपचंद भाईदास नारखेडे, दुकानदार, धुळे (सही)

स्थळ : धुळे
दिनांक : १९ फेब्रुवारी १९९६