माझ्याकडे बघून बोला

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट सांगायला दुसरं कोणी सुचत नाही. कामठीला तुमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मी डबा घेऊन यायची. तापात माझे कान गेले होते. पण त्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू जायचं नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून, हातवारे करून बोलायचे. तेवढ्या एका जागी मी चारचौघींसारखी असायची. घरी मात्र कुणी काही विचारलं की न समजताच मान डोलवायची. एकदा स्वयंपाकघरात तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड वर केलंत. ‘मान काहून हलवते वं? आयकू नाही आलं तं सांग न! लोकाइले भेते का?’ तुमचे ओठ मी नीट वाचले आणि पुन्हा मान हलवली. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी जेवताना बोलला नाहीत.

गेल्या महिन्यात नागपुरात मोठ्या दवाखान्यात गेले होते. अंगावरून फार जात होतं. सोबत मुलगा होता. कानाचं यंत्र लावलं होतं, पण त्या गर्दीत त्यातून नुसता गोंगाट येतो. डॉक्टरबाईंच्या तोंडाला मास्क. त्या बोलत होत्या मुलाशी, आणि माझा मुलगा, मिसरूड फुटल्यापासून माझ्यासमोर असलं काही न बोलणारा, लाजेने लाल होऊन ‘हो, हो’ करत होता. मी सवयीने हसत होते. मग बाईंनी बोटाने माझ्या पोटाकडे दाखवलं, मुलगा म्हणाला, ‘करून टाका.’ एवढं मात्र मला त्याच्या ओठांवर दिसलं. काय करून टाका? माझं काय करून टाका?

‘डॉक्टरबाई, माझ्याकडे बघून बोला. मास्क खाली करा. मले आयकू येत नाही.’ माझा आवाज किती मोठा झाला ते मला कळलं नाही. बाकावरची माणसं वळली, त्यावरून कळलं. बाईंनी मास्क उतरवला. सावकाश सांगितलं, पिशवी काढता येईल, नाहीतर आधी गोळ्या देऊन पाहता येईल. मी गोळ्या घेते म्हटलं. आता त्रास बराच कमी आहे.

पण त्या दिवशी ऑटोत माझे कान गरम होते. मुलगा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, ‘आई, सगळे पाहून राहिले होते.’ माझंच शरीर, मीच विचारलं, तरी चोरी पकडल्यासारखी मी पदर सावरत बसले. त्याला म्हटलं, ‘चुकलं माझं.’ काय चुकलं, ते त्यानेही विचारलं नाही.

सोमवारी पुन्हा दाखवायला जायचं आहे. एकटी जाऊ शकते. बाई आता मला ओळखतात, मास्कही उतरवतील. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘जा न मंग.’ बाबा, मी मुलाला सुट्टी टाकायला सांगितली आहे.