आदल्या दिवशीचं मैदान

रेवती,

मी सातच्या एसटीनं नांदुऱ्याले दहावीच्या पेपरले चालली. भाकरी टोपल्यात आहे. कोणी विचारलं तर लाजू नको, मोठ्यानं सांगजो.

खो-खोच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तू अनवाणी मैदान चालून यायची, तवा मी हसत होती. काल मीही तसंच केलं. पेपर आहे त्या शाळेचं मोठं फाटक बंद असते, वाट मागच्या गल्लीतून आहे. चप्पल काढून जिना चढली, माह्या नंबरच्या बाकाले हात लावून आली.

आता हॉलतिकीट तिसऱ्यांदा पिशवीत पाह्यलं. शिट्टीच्या आधी सगळ्यायलेच भेव वाटते, असं तूच सांगितलं होतं.

खेळणं सोड म्हणून तुहं मेडल मीच पेटीत टाकलं होतं. आज मीच ते दारासमोरच्या खिळ्याले लावून चालली.

आई