एकेचाळिसावी ओळ

सोमवार, ३ तारीख

लागले एकदाची कामाला! लोकांची कागदपत्रं सांभाळणारी कंपनी आहे. दवाखान्यांचे रिपोर्ट, वकिलांच्या फायली, शाळांचे निकाल, सगळं आमच्या संगणकांत कुलूपबंद. कुठून काय फुटेल, काय बिघडेल, याची आधीच काळजी करून ठेवणं हे माझं काम. नवरा म्हणाला, घरी फुकट करत होतीस, आता पगार घेऊन कर.

चिमणी, म्हणजे माझी लेक, फाटकापर्यंत सोडायला आली होती. सहा वर्षांची आहे आणि नुकतीच वाचायला लागलीय, त्यामुळे रस्त्यातली एकही पाटी तिच्या तावडीतून सुटत नाही. फाटकावरचं 'परवानगीशिवाय आत येऊ नये' तिने अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचलं आणि पहारेकऱ्याकडून शाबासकी मिळवली. वाचायला मी शिकवलंय, शाळेने नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

मोबाईल फाटकावरच्या कपाटात ठेवायचा. आत पाच दारं, प्रत्येकाला कार्ड लावायचं. पहिल्याच दिवशी एका कारकुनाच्या कीबोर्डखाली पासवर्डची चिठ्ठी सापडली. त्याची मी अशी काही हजेरी घेतली की बिचाऱ्याने ती चिठ्ठी खाऊन टाकली. खरंच खाल्ली! मला हसू आवरेना.

मंगळवार, ४ तारीख

माझ्या आधी या जागेवर असलेले गृहस्थ आज निवृत्त झाले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जाण्यापूर्वी त्यांनी मला मुख्य पासवर्ड दिला, तोही कानात. सव्वीस अक्षरं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत घोकून घेतला. तो कुठेही लिहायचा नाही.

मग रिस्क रजिस्टर दाखवलं. लाल बांधणीची जाडजूड वही. एकेका ओळीत एकेक धोका, त्याला जबाबदार माणूस आणि त्यावरचा उपाय. सगळं हाताने लिहायचं, खाडाखोड चालत नाही आणि लिहिलेला उपाय त्याच दिवशी अमलात येतो. बाकी ऑफिसांत अशा वह्या धूळ खात पडतात, म्हणून मला फार कौतुक वाटलं.

चाळिसावी ओळ अण्णांनीच गेल्या आठवड्यात लिहिलेली. धोका: मुख्य पासवर्ड एकापेक्षा जास्त जणांना ठाऊक होणे. उपाय: नव्या माणसाला सांगून होताच त्याच्याखेरीज बाकी सगळ्यांच्या डोक्यातून तो काढून घ्यावा. मी विचारलं, डोक्यातून काढणार कसा, चिमट्याने? तेही हसले. म्हणाले, काहीतरी लिहावं लागतं, पोरी. बायको गावच्या गाडीची तिकिटं काढून स्टेशनवर बसली होती, त्याच खुशीत होते.

बुधवार, ५ तारीख

नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात स्वतःची एक ओळ लिहायची, अशी इथली पद्धत. माझ्या उत्साहाला काय तोटा! एकेचाळिसावी ओळ. धोका: मुख्य पासवर्ड आता एकाच व्यक्तीला ठाऊक, तिला काही झालं तर कंपनी ठप्प. जबाबदार: मीच. उपाय: दुसरा जाणकार येईपर्यंत तिने आवाराबाहेर पडू नये.

वाटलं, हे वाचून घाबरतील आणि लवकर मदतनीस देतील. रजिस्टर तपासणाऱ्या कमिटीच्या बाईंनी लगेच सही केली. इतकं स्पष्ट कुणी लिहीत नाही म्हणाल्या. मी आपली फुशारले.

सहा वाजता बाहेरच्या दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा. पहारेकरी म्हणाला, मशीन बिघडलं असेल, बसा थोडं.

गुरुवार, ६ तारीख

मशीन ठणठणीत आहे. मीटिंगरूममधल्या सोफ्यावर झोपले. कमिटीच्या बाईंनी सकाळी टूथब्रश, टॉवेल आणि माझ्या मापाच्या चपला आणून दिल्या. माप कुणी सांगितलं?

मी खूप आरडाओरडा केला. त्यांनी शांतपणे लाल वही उघडून पुढे ठेवली. अक्षर माझं, सही माझी. धोका आता नियंत्रणात आहे, असं म्हणून पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी टेबलावरच्या फोनवर घरून फोन आला. चिमणीने पुस्तकाचं अख्खं पान वाचून दाखवलं, कुठेही न अडखळता. आई, तू कधी येणार, असं शेवटी विचारलं. उद्या, मी म्हणाले.

शनिवार, ८ तारीख

अण्णांच्या बायकोचा फोन. मंगळवारपासून ते घरी आलेले नाहीत.

त्यांची पिशवी अजून खुंटीला आहे. रोज दिसत होती, माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांच्या बायकोला होल्ड करायला सांगितलं आणि शोधत निघाले. अण्णा खालच्या प्रतीक्षाखोलीत बसले होते. भांग पाडलेला, कपडे स्वच्छ. मला नमस्कार करून त्यांनी विचारलं, मी कुणाकडे आलोय हे तुम्हाला माहीत आहे का?

तिथल्या फोनवर लाईन घेऊन रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. बायको रडत होती, मला ऐकू येत होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि फोन परत दिला.

"बाई चांगल्या आहेत बिचाऱ्या," म्हणाले. "पण राँग नंबर लागलाय."

फक्त पासवर्ड काढता आला नसेल. सगळंच काढलं.

सोमवार, १० तारीख

नवरा पोलीस घेऊन आला. कमिटीने माझी ओळ दाखवली, माझी सही दाखवली. बाई स्वखुशीने राहतायत असं ठरलं. मी काचेवर हात आपटत होते. पोलिसाने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि गेला.

पेनाने ओळ खोडायला गेले. चिठ्ठी खाणाऱ्या कारकुनाने मनगट धरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खाडाखोड चालत नाही, मॅडम, म्हणाला. सोडलं मात्र नाही.

कार्डाने आता दोनच दारं उघडतात.

मंगळवार, ११ तारीख

उद्या अकराला नवा माणूस येतोय. पासवर्ड त्याच्या कानात सांगायचा, म्हणजे माझी ओळ मिटली. मी मोकळी.

आणि मग चाळिसावी —

इकडे आड, तिकडे विहीर. नाही सांगितलं तर जन्मभर इथे. सांगितलं तर फाटकाबाहेर कुणीतरी आई आई करत धावत येईल आणि मी तिला नमस्कार करून विचारीन —

टेबलावरचा फोनही त्यांनी बंद केलाय.

बुधवार, १२ तारीख

आला. हसरा आहे. आल्या आल्या जुळ्यांचा फोटो दाखवला. त्याच्या कानात पासवर्ड कसा सांगू? तोही याच आठवड्यात आपली ओळ लिहील, उत्साहाने —

मी बाथरूममध्ये. आतून कडी. दारावर थापा, अगदी हळू, सभ्य.

वरच्या झडपेतून रस्ता दिसतो. खाली फुटपाथवर चिमणी आणि हे.

सुचलं. सगळ्या रस्त्याला ठाऊक झालं तर गुपित उरेल कशाचं? किती डोकी रिकामी करतील? पासवर्ड इथेच लिहिते. मी, जिने चिठ्ठीवरून कारकुनाला — असो. ही डायरी खाली टाकते. ज्याला सापडेल त्याने मोठ्याने —

बिजागरी निघतेय. घाई —

हे फाटकाकडे धावले. खाली चिमणी एकटीच. मी दिसले तिला. दोन्ही हात पसरून उभी आहे, झेलायला.

पहिलं अक्षर —

नाही. तिला आता वाचता येतं. हातात पडल्या पडल्या वाचेल, अडखळणार पण नाही. मीच तिला शिकव