अकरा फोटो

१२ मार्च, रविवार

मुंगीचं कोपर निखळलं. दुसऱ्याच फेरीत. डॉक्टरांनी बसवलं. तीन आठवडे हात गळ्यात.

मुंगी हे तिच्या प्रशिक्षक सरांनी ठेवलेलं नाव. ग्रॅपलिंग या कुस्तीप्रकाराच्या सगळ्यात कमी वजनाच्या गटात माझी लेक सगळ्यात हलकी.

मी मॅटच्या कडेला गुडघे टेकून फोटो काढत होते. समोरच्या मुलीने तिचा उजवा हात पायांत धरून ताणला. सहन होईना की मोकळा हात मॅटवर दोनदा आपटायचा, पंच लगेच सोडवतात — पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पंच पलीकडे होते.

येताना गाडीत सर म्हणाले, "हात का नाही आपटलास? शौर्यपदक हवं होतं?"

"आपटला होता."

"पंचांनी पाहिला नाही. मी पाहिला नाही. मग काय भुताने पाहिला?" मग आरशातून माझ्याकडे — "ताई, तुम्ही तर कडेलाच होतात."

मी म्हटलं, कॅमेऱ्यातून सगळं दिसत नाही.

१३ मार्च, सोमवार

ती शाळेत गेल्यावर फोटो पाहिले. त्या क्षणाचे अकरा. डावा हात वर. मॅटवर. वर. मॅटवर. पंच आणि तो हात यांच्यामध्ये त्या मुलीची पाठ. नवव्या फोटोत मुंगी सरळ माझ्याकडे पाहते आहे. दहाव्यातही. फोकस उत्तम.

कार्ड कॅमेऱ्यातच ठेवलं. कॅमेरा कपाटात.

कामावर कॅटलॉगसाठी बावीस इस्त्र्यांचे फोटो. इस्त्री हलत नाही. बरं काम आहे.

१४ मार्च, मंगळवार

जेवताना तिच्या बाबाने पुन्हा विचारलं, "खरं सांग. आपटलास?"

"बाबा, किती वेळा तेच!"

"हट्टीपणात थेट आईवर गेलीय," तो हसला. मीही हसले. मुंगीने माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने चमचा धरून जेवत राहिली. निम्मं सांडलं.

मला तेव्हाच दिसलं होतं. इथे तरी लिहायला हवं. दिसलं, आणि बोट बटणावरून उचललं नाही. काही हललं की बोट दाबतं — वीस वर्षांची सवय. फोटोंवर वेळ असते. चार सेकंद. चार सेकंदांत "अहो, सोडवा तिला!" सहज म्हणून झालं असतं.

१५ मार्च, बुधवार

काही नाही. कपडे वाळत घातले.

१६ मार्च, गुरुवार

सरांचा फोन. "हरली त्याचं काही नाही हो, ताई. खोटं मला चालत नाही. चुकले म्हणू दे, मग येऊ दे. तोवर संघात नाही."

मुंगीला सांगितलं. "नाही म्हणणार," एवढंच बोलली. एका हाताने वेणी जमेना म्हणून माझ्याकडे पाठ करून बसली. मी घातली. मानेवर मॅटने खरचटल्याची खपली. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र वाटलं.

१८ मार्च, शनिवार

ठरवलं. उद्या सरांना फोटो दाखवायचे. आधी सगळ्यांना तिचा हात दिसेल. मग कोणीतरी विचारेल, कॅमेरा कोणाच्या हातात होता? विचारू दे.

१९ मार्च, रविवार

कॅमेऱ्यात कार्ड नाही!

मुंगी दारात उभी. "मी काढलं. सोमवारीच. तोडून टाकलं."

"फोटो पाहिलेस?"

"हो."

"अगं, मग सरांना दाखवायचेस ना! तू खरी ठरली असतीस."

तिने गळ्यातली पट्टी सारखी केली. "सगळे तुला बोलले असते, आई."

सरांना फोन लावला. म्हटलं, तिने हात आपटला होता. पुरावा काही नाही. मी पाहिला होता.