कासारवाडीचा गाळा आणि तापणारी गाडी

मी, सोपान दौलतराव धावडे, वय वर्षे बहात्तर, धंदा गाडीदुरुस्ती, राहणार निगडी प्राधिकरण, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण त्याबद्दल माझ्याच घरात शंका घेतली गेली. यापूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात सगळं मुलाच्या नावे होतं, ते रद्द समजावं.

खालील मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. वडिलोपार्जित जमीन वडिलांच्या हयातीतच कारखान्यांत गेली, तिच्यावरून भांडायला काही उरलेलं नाही.

कलम १. निगडीचा राहता फ्लॅट मुलगा कुलदीप आणि सून मोनिका यांना निम्मा निम्मा. मोनिकाच्या सहीशिवाय तो विकू नये. तिने माझं पथ्यपाणी न कुरकुरता केलं आणि पुढे जे लिहिलंय त्यातलं तिला काही माहीत नव्हतं.

कलम २. पान्यांचे सगळे संच मुलगी प्राजक्ता हिला. मेहुणे रोहिदास यांनी वीस वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेलेला जॅक आता त्यांनाच बक्षीस. मात्र तो आपलाच आहे असं त्यांनी लोकांना सांगणं थांबवावं.

कलम ३. गाडी. एकोणनव्वद सालची पद्मिनी, बायको शालन हिच्या हौसेखातर घेतलेली. शालन गेली, पुढे गाडीचं इंजिनही गेलं. भंगारात घालायला जीव होईना. म्हणून चार वर्षांपूर्वी तिच्यात एका मोडीतल्या व्हॅनचं इंजिन बसवलं, कागदोपत्री नंबर चढवून, रीतसर. काम मी आणि मारुतीने मिळून केलं. मारुती सव्वीस वर्षं माझ्या हाताखाली आहे.

बसवल्या दिवसापासून गाडी तापायला लागली. मी रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला, हेड उतरवून नवं गास्केट घातलं, पुढे आणखी एक पंखा लावला. तरी नाशिक फाट्याहून चाकणकडे निघालं की मोशीपर्यंत काटा लालमध्ये. एकदा मोशीला बॉनेट उघडून मी पाणी ओतत उभा होतो. कुलदीपने मागून मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बाबांना आता स्वतःची गाडीही जमत नाही. कोणीतरी समजवा.' सगळ्यांनी समजावलं. बेचाळीस वर्षं चालवलेल्या गॅरेजच्या गाळ्याची किल्ली मी कुलदीपच्या हातात दिली. मलाही वाटलं, गेला आपला हात. कोणाला बोललो नाही, पण त्या दिवसांत घरातला नळ दुरुस्त करायलाही मी घाबरायचो.

या दसऱ्याला प्राजक्ता आली. ती चाकणला इंजिनं जोडणाऱ्या कारखान्यात लाइनवर आहे. गाडी जरा चालवली आणि हात लावून पाहिलं. इंजिन भाजत होतं, रेडिएटर नुसता कोमट. म्हणाली, "बाबा, वॉल कुठंय?"

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. पाणी गरम झालं की तो रेडिएटरचा रस्ता उघडतो. आपल्या उन्हाळ्यात त्याचं काय काम, म्हणून तो काढून फेकायची आम्हा गॅरेजवाल्यांची जुनी सवय. मीच मारुतीला काढायला सांगितलं होतं. म्हटलं, "काढलाय. तू मला शिकवू नकोस."

ती म्हणाली, "या इंजिनात तो रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि आतला आडरस्ता बंद करतो. काढला की आडरस्ता कायम उघडा. पाणी रेडिएटरकडे जाईलच कशाला? इंजिनातल्या इंजिनातच फिरत बसणार."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वॉल बसवला. भर दुपारी चाकणला जाऊन आलो, काटा निम्म्यावरून हलला नाही. चूक माझी होती, ती मी इथे कबूल करतो.

गाळ्यावर जाऊन मारुतीला हे सांगितलं, तर त्याने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "अण्णा, मला ठावं व्हतं. तसलंच इंजिन एका गिऱ्हाइकाचं आलं व्हतं, तवाच कळलं. तुमाला सांगाया निघालो, तर कुलदीपदादा म्हनला, ऱ्हाऊ दे तशीच. तापू दे. गाडी नीट झाली तर म्हातारा गाळा सोडायचा न्हाई."

कुलदीपला गाळा एका गोदामवाल्याला द्यायचा होता. माझ्याकडे सरळ मागितला असता तर मी रागावलो असतो, आठ दिवसांनी दिलाही असता. त्याने मागितला नाही. तीन वर्षं माझी गाडी तापत ठेवली आणि माझा माझ्याच हातांवरचा विश्वास उडालेला बघत बसला. पोटच्या पोराने हे केलं. इथे कायद्याचा कोणता शब्द वापरतात मला माहीत नाही.

सदर गाडी, चालू स्थितीत, प्राजक्ताला.

कलम ४. कासारवाडीचा गाळा, वीजजोडणी आणि पाटीसह, प्राजक्ताला. तिने तो चालवावा किंवा विकावा. फक्त त्या गोदामवाल्याला देऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ५. माझे अंत्यविधी कुलदीपने करावेत, त्याला मी अडवत नाही. मात्र 'बाबा शेवटी शेवटी थकले होते' हे वाक्य त्याने दहाव्याला किंवा पुढे कधीही कोणापाशी बोलू नये. बाकी काय बोलायचं ते बोलावं.

कलम ६. मारुतीला मी काही देत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळत नाही त्याला साक्षीदार होता येतं. म्हणून त्याला बोलावलं आहे. त्याने कलम ३ मोठ्याने वाचावं आणि मगच सही करावी.

ठिकाण: पिंपरी
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: सोपान दौलतराव धावडे (सही)

साक्षीदार:

१. सुमनताई पवळे, शेजारीण, निवृत्त शिक्षिका. आमच्यासमोर सही केली. (सही)

२. मारुती गेनू शिवले, गाडीदुरुस्ती कामगार. कलम ३ वाचले. असेच घडले. अजून थोडे लिहायचे होते, अण्णा म्हणाले जागा नाही. (सही)